आत्याची उजवी बाजू

२९ ऑगस्ट, शुक्र.
पाणी उतरलं. दुर्गाघाटाच्या वरच्या पायऱ्या गाळासकट दिसायला लागल्या. गाळ धुणाऱ्यांशी आबांचं सकाळीच भांडण. पितृपक्ष तोंडावर आला, यजमानांना बसवू कुठे, तुमच्या डोक्यावर? म्हणजे घरी सगळं नेहमीसारखं.

विभागात आमच्या मेंदूच्या ॲटलासचं छापील प्रूफ आलं. जाड, गुळगुळीत कागद, लग्नपत्रिकेसारखा वास. मुखपृष्ठावर विभागप्रमुख सरांचं एकट्याचं नाव. माझं शोधलं. शेवटच्या पानावर, 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार', फोटोग्राफर आणि एसी दुरुस्त करणारा यांच्या मधोमध. आतली एकूण एक रेघ माझ्या हातची आहे. डोळ्यांचा नंबर दोनदा वाढला तो काय एसी दुरुस्त करून?

प्रकाशन नवरात्राच्या पहिल्या दिवशी. सरांनी मुद्दाम पुढे ढकललं, पितृपक्षात शुभकार्य नको. अख्खं पुस्तक मेलेल्या बाईच्या मेंदूचं आहे, पण शुभकार्य.

३० ऑगस्ट, शनि.
पेपरवाल्यांसाठी चार ओळी लिहून दे म्हणाले. दिल्या. 'मेंदूच्या सालीत पेशींचे सहा थर असतात. कुठे एखादा थर जाड होतो, कुठे पेशी मोठ्या होतात, कुठे एक थर जवळजवळ नाहीसाच होतो. हे जिथे बदलतं तिथे एक इलाखा संपून दुसरा सुरू होतो. काचेवर चढवलेल्या पातळ कापांवर बघून या सीमा आखल्या आहेत.' हिंदीत लिहिलं होतं, नीट लिहिलं होतं.

सरांनी सगळं खोडलं. वर मथळा: 'भारतीय मस्तिष्क सबसे अनोखा'.

अनोखं काय, तर बोलण्याचा इलाखा बहुतेक माणसांत डाव्या बाजूला मोठा असतो, आमच्या मेंदूत उजव्या बाजूला मोठा निघाला. एका मेंदूवरून अख्खा देश. त्याच्यावर सर गावोगाव व्याख्यानं देऊन आले, शाली पांघरून आले. मी तेव्हाच म्हटलं होतं, एकच मेंदू आहे सर, जरा दमानं. 'तुम निगेटिव बहुत हो.' आहेच.

१ सप्टें., सोम.
शेवटची तपासणी. पान उघडायचं, मूळ काच काढायची, जुळवायची. कंटाळवाणं काम, म्हणून माझ्याकडे.

मधल्या पानांवर उजव्या बाजूला, सालीच्या आत खोलवर, मसुराएवढं भोक आहे. त्याला आम्ही पहिल्यापासून 'कापताना फाटलं' म्हणतो. मी कायम वरच्या सालीत, तिथे खाली बघायचं कारणच पडलं नव्हतं. आज भिंग वाढवून बघितलं. कडेला पिवळट तपकिरी कण. फाटलेल्याला अशी कड नसते. ही रक्ताची जुनी खपली आहे.

जेवणाचा डबा तसाच परत आणला. आबा म्हणाले, भेंडी बिघडली होती का?

२ सप्टें., मंगळ.
आजूबाजूच्या काचा काढून बसले. भोक एका कापावरून दुसऱ्यावर चालत जातं, लहान होत होत मिटतं. फाटणं असं चालत नाही. अर्धांगाचा बारीक झटका येऊन गेलेला आहे, मरणाआधी वर्ष-दोन वर्षं.

कागदावर या मेंदूला फक्त नंबर आहे. 'मेंदूचा कोणताही आजार नसलेली वृद्ध स्त्री.' विभागात शिपायापासून सरांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे ती कोण. माझी आत्या आहे. आबांची धाकटी बहीण, लग्न न केलेली, जन्मभर नदीपलीकडे रामनगरच्या शाळेत गणित शिकवलं. पूल लांब पडतो म्हणून नावेने जायची, भर पावसातसुद्धा, आणि नावाड्यांच्या पोरांना नावेतच पाढे विचारायची. देहदान करीन म्हणाली तेव्हा घरात महिनाभर कुणी तिच्याशी धड बोललं नाही. दुर्गाघाटावरच्या भिक्षुकाची बहीण, आणि चितेवर जाणार नाही?

माझ्यासाठी केलं तिनं ते. मला प्रोजेक्टला मेंदू मिळत नव्हता, मी घरी येऊन रडले होते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, 'माझा घे.' जसं काही छत्री घे.

झटका. आणि घरात कुणाला पत्ता नाही. कसा नाही?

३ सप्टें., बुध.
पत्ता होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होता.

आजोबांचं श्राद्ध, तिच्या शेवटच्या वर्षातलं. पानं मांडलेली, ब्राह्मण बसलेले. आत्या खीर वाढायला आली आणि डाव्या हाताने वाढायला लागली. आबा सगळ्यांसमोर कडाडले, 'डाव्या हाताने वाढतेस? साठ वर्षं या घरात काढलीस, अक्कल गहाण ठेवलीस का?' आत्या म्हणाली, 'चुकलं, दादा.' भांडं स्वयंपाकाच्या मावशींच्या हातात दिलं नि आत गेली. सगळ्यांना वाटलं म्हातारपण.

त्यानंतर तिनं घरात वाढायला हातच लावला नाही. चहाचा कप डाव्या हाताने उचलायची. उजवा पदराखाली. मी विचारलं तर म्हणाली, 'थंडीनं आखडतो गं.' जूनमध्ये.

आणि एकदा, सहज विचारल्यासारखं, 'बिघडलेला मेंदू घेत नाहीत ना गं तुम्ही?' मला वाटलं, 'विसरायला लागले' असं म्हणतेय. मी हसून म्हटलं, तुझा काय बिघडलाय?

डॉक्टरकडे गेली असती तर कागदावर आलं असतं. कागदावर आलं असतं तर मेंदू नाकारला असता. म्हणून गेली नाही. हात गेला तरी गेली नाही. शिव्या खाल्ल्या तरी.

४ सप्टें., गुरु.
सकाळी दात घासताना डोक्यात आलं आणि ब्रश तसाच तोंडात राहिला.

गेला तो उजवा हात. उ. हात चालवते मेंदूची डा. बाजू. मग भोक डा. बाजूला पाहिजे. ॲटलासमध्ये ते उजवीकडे आहे.

विभागात जाऊन सगळ्या काचांवरची खाच बघितली. मेंदू मेणात बसवायच्या आधी एका बाजूला सुरीनं बारीक खाच पाडतात. पुढे हजारो काप होतात, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घेतात, एखादा काप उलटा चढला तरी खाचेवरून कळावं की ही उजवी. आमच्या प्रत्येक कापावर खाच आहे, सगळ्या एकाच बाजूला, भोकाच्याच बाजूला. म्हणजे काप उलटे चढलेले नाहीत.

मग खाचच.

ती सरांनी पाडली होती, स्वतःच्या हातानं. मी तेव्हा तिथे नव्हते. 'घर का मामला है, तुम मत आओ.' मला वाटलं, किती समजूतदार माणूस.

दुपारी बिलांवर सह्या घ्यायला त्यांच्या खोलीत गेले. खुर्चीमागे तो फोटो आहेच, सोनेरी चौकटीत: सर, हातमोजे, सुरी, समोर ट्रेमध्ये मेंदू, फोटोसाठीचं हसू. रोज बघते. आज पहिल्यांदा मेंदू बघितला. पालथा आहे. तळ वर. देठ दिसतोय, लहान मेंदू दिसतोय. कपाळाकडचं टोक सरांपासून लांब. असा पालथा मेंदू समोर असला की त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. सरांनी सुरी टेकवली आहे ती स्वतःच्या उजव्या हाताच्या बाजूला.

पहिल्या वर्षाच्या पोरांना आम्ही याच चुकीवर नापास करतो.

म्हणजे आत्या आख्खी उलटी छापली आहे. आणि तो अनोखा इलाखा, उजवीकडे मोठा निघालेला, तो मुळात डावाच. सगळ्यांचा असतो तसा. भारतीय मेंदू जगासारखाच निघाला. एवढ्या शाली परत कशा करणार?

खूप हसले बाथरूममध्ये. मग रडले. मग बिलं घेऊन आले.

५ सप्टें., शुक्र.
शिक्षक दिन. पोरांनी सरांना हार, केक, गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार. सगळे जाईपर्यंत थांबले. मग दार लोटून सांगितलं. भोक, खपली, हात, खाच. फोटोकडे बोट केलं.

सर उठून फोटोजवळ गेले, चष्मा वर करून सुरीपाशी बघितलं. त्यांना कळलं. ते मूर्ख नाहीत, त्याचंच तर वाईट वाटतं. मला यांनीच शिकवलंय.

मग वळून म्हणाले, 'वृंदा, ब्रेन गुमनाम है. गुमनाम आदमी का कौन-सा हाथ कमज़ोर था, तुम्हें कैसे मालूम?'

मी म्हटलं, सर, तुम्ही स्वतः आला होतात घरी. चहा तिनंच दिला होता तुम्हाला. (डाव्या हातानं दिला असणार.)

'कागज़ पर तो कोई घर नहीं है.'

आणि मग अगदी मायेनं: झटक्याचं बोललीस तर मेंदूच बाद. आजारी मेंदू. सगळ्या काचा कबाडात. तुझ्या बुआजींचं दान कबाडात. सोच लो. केक खाके जाओ.

केक खाल्ला नाही. पोरं म्हणाली, मॅम डाएट पे हैं.

८ सप्टें., सोम.
पितृपक्ष लागला. घाटावर पाय ठेवायला जागा नाही. रजा घेऊन आबांच्या मदतीला गेले, हल्ली दर्भ वेचणंही त्यांना एकट्याने होत नाही.

पुण्याचे एक यजमान, पांढरा कुर्ता, कानाला फोन. आबा समोर बसून सांगतात, तसं ते करतात. समोरासमोर बसलं की हीच गडबड. आबा जानवं उजव्या खांद्यावर घेऊन दाखवतात, समोरचा आरशात बघितल्यासारखा उलट करतो. पितरांच्या कामात जानवं उजव्या खांद्यावर हवं, यांचं आपलं डाव्यावरच. आबा आयुष्यभर याच्यावर लोकांना झापत आले. 'माझं बघू नका, तुमचा उजवा, तुमचा!' लहानपणी घरापर्यंत ऐकू यायचं.

आज बघितलं त्यांनी. मी त्यांचे डोळे बघत होते, त्यांना दिसलं. यजमान म्हणाले, 'गुरुजी, दोनची फ्लाइट आहे.' आबांनी पिंड पुढे केले.

परत येताना विचारलं, आबा, जानवं?

'दिसलं.'

मग?

'पोचलं असेल गं. तिकडच्यांना कळतं.'

इतका राग आला. सरांचा नाही आला तेवढा आबांचा आला.

१० सप्टें., बुध.
सरांनी बोलावलं. टेबलावर एक नवं पान, ॲटलासच्या सुरुवातीला जोडायचं. 'सीमांकन तथा दायें-बायें का सत्यापन: डॉ. वृंदा', पुढे माझं आडनाव, खाली सहीची जागा. मोठ्या टाइपात.

'नाम चाहिए था न तुमको? लो.'

इतकी वर्षं नाव आत येत नव्हतं. खापर फुटायची वेळ आली तेव्हा पहिल्या पानावर. उद्या कुणी विचारलंच, तर तपासणारी ही बाई. कायम जागेची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, तेही बोलता बोलता निघालं. वर्षावर्षाच्या करारावर केस पांढरे झाले माझे.

विचार करते म्हटलं. पान घेऊन आले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला माझाच उबग आला.

याने कोणी मरणार नाही. तेवढं प्रामाणिकपणे लिहून ठेवते. एका मेंदूवरून कुणी ऑपरेशन करत नाही. फक्त एक खोटी गोष्ट जाड कागदावर राहील, पोरं ती पाठ करतील.

१२ सप्टें., शुक्र.
सरांच्या खुर्चीमागे भिंतीवर चौकोनी फिकट डाग. फोटो नाही. 'पेंट कराना है.' त्यांच्या खोलीला रंग लावताना मी कधी बघितलं नाही.

सगळी पोरं त्या फोटोखाली उभी राहून शिकली. एकालाही आठवणार नाही मेंदू पालथा होता की उताणा.

१६ सप्टें., मंगळ.
आत्याची तिथी. दशमी.

तिचा देह मिळालाच नाही, तेव्हा आबांनी दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला होता. बहिणीवर रागावलेले, पण पुतळ्याच्या पायाची बोटंसुद्धा नीट वळली होती. आता दर वर्षी तिथीला खीर असते. आज मी वाढली. आबा जेवून उठले, देवघरातलं पेपरचं कात्रण काढलं, सरांच्या व्याख्यानानंतर आलेलं, 'अनोखा मस्तिष्क' वालं, हळद लागलेलं. यजमानांना दाखवतात ते. 'नाव छापत नाहीत, पण माझी बहीण आहे.'

तिथेच सांगून टाकलं. नको होतं आज, पण सांगितलं. 'आबा, तिचा उजवा हात गेला होता. म्हणून खीर डाव्या हाताने वाढत होती.'

आधी कळलं नाही. मग कळलं. खाली बसले. कात्रण मांडीवर.

'आणि मी तिला...'

हो आबा.

'पाच ब्राह्मणांसमोर.'

मग बाकीचंही सांगितलं. खाच, सर, पान, सही. किती ऐकलं माहीत नाही.

१७ सप्टें., बुध.
आबा काल रात्रीचं जेवले नाहीत. सकाळी आवाज बसलेला.

'सही कर.'

मी चहा गाळत होते, गाळणी खाली ठेवली.

'तिनं हात लपवला. माझं ऐकून घेतलं. कशासाठी? मेंदू घ्यावा म्हणून. आता तू जाऊन सांग, आजारी होता, फेकून द्या. ती गेली ती गेलीच, हे पण घालव.'

मी म्हटलं, आबा, ती गणिताची बाई होती. उत्तर चुकलं असेल तर रीतीचे मार्कसुद्धा देत नसे.

'मी तिला वाढूसुद्धा दिलं नाही गं शेवटी,' एवढंच म्हणाले.

सर म्हणतात सही कर, आबा म्हणतात सही कर, आणि आत्यानं तर सगळ्यांच्या आधी हात पदराखाली घालून सांगून ठेवलंय. सगळे एका बाजूला. माझी कोणती?

२० सप्टें., शनि.
सरांचा निरोप, पान सोमवारी सकाळी हातात पाहिजे, प्रत शिवायची आहे. त्या पानाऐवजी छापखान्याला शुद्धिपत्राची चिठ्ठी पाठवता येते का बघितलं. 'खाच चुकून डाव्या बाजूस पडली आहे, सर्व पृष्ठांवर डावे-उजवे बदलून वाचावे.' एवढंच लागेल. भोकाबद्दल चकार शब्द नाही, आत्या सुरक्षित. असं जमेल का? पण 'कशावरून?' विचारलं की फोटो, आणि फोटो नाही. मग उरतो तिचा हात, आणि हात म्हटलं की झटका आलाच.

काच पुन्हा लावून बसले. तिच्या बोलण्याच्या इलाख्याची सीमा मी आखली आहे, इतकी स्वच्छ सीमा क्वचित मिळते, चौथा थर बारीक बारीक होत जातो नि मोठ्या पेशी सुरू होतात. ती बरोबर आहे. बाजू कोणतीही म्हणा, रेघ बरोबर आहे. ती कोणाच्या बापाला हलवता येणार नाही.

आबा दिवसभर घाटावर होते. शेजारचे जोशी सांगत आले, 'आज तुमच्या आबांनी मिरजेच्या माणसाला पहिल्यापासून सगळं करायला लावलं, जानव्यावरून. तो रागावून उठूनच गेला.'

२२ सप्टें., सोम.
नवरात्र बसलं. घाटावर एकदम शांत, काल अमावस्येला गर्दी वाहून गेली. प्रकाशन अकराला. आता आठ वाजतायत. निळी साडी नेसले, आत्याची.

चहा आबांनी केला. स्वयंपाकघरातून येताना बघितलं, कप डाव्या हातात. उजवा उपरण्याखाली गुंडाळलेला. कप बशीत हलत होता, अर्धा वाटेतच सांडला, धोतरावर डाग. माझ्यासमोर ठेवला. मी उठून घ्यायला लागले तर 'बस' म्हणाले.

मग परत गेले आणि पोह्यांची बशी आणली. तीही डाव्या हाताने. चमच्याने वाढायला गेले, अर्धे पोहे टेबलावर.

'कसं जमवलं असेल गं तिनं?' म्हणाले. 'अख्खं वर्षभर?'

मी टेबलावरचे पोहे वेचून खाल्ले.

सही कर की नको, ते त्यांनी आज सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पान पर्समध्ये आहे, पेनही आहे. सही केलेली नाही. रिक्षा गल्लीत येत नाही, चौकापर्यंत चालावं लागेल. निघते.